जुनं सेसना विमान चौघांत मिळून घ्यावं का? जाणकारांनी सांगा

बियाणेवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय.

जालन्यात आमचा बियाण्यांचा धंदा आहे. माझ्याकडे पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचं लायसन्स आहे. उडायचं तर दर वेळी बारामती नाहीतर धुळ्याकडे जायचं, तासाच्या हिशोबाने विमान घ्यायचं आणि संध्याकाळी परत. आता एका ओळखीतून सेसना १७२ विकायला असल्याचं कळलंय. वीसेक वर्षांचं आहे, आधीपासून व्हीटी, म्हणजे भारतातल्या नोंदणीचं. मागतायत सव्वा कोटी. आम्ही चौघे आहोत: मी, एक स्टीलवाला, एक डॉक्टर आणि लातूरचा एक क्लासवाला. माणशी साधारण सव्वाएकतीस लाख पडतात. एवढ्यात आता धड फॉर्च्युनर येत नाही, असं डॉक्टर म्हणतो आणि त्यावर आमची सगळ्यांची मान डोलते.

प्रश्न असे: वर्षाचा खरा खर्च किती धरावा? चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर ठेवावं, की लातूरला? आणि पैशाच्या दृष्टीने असं काय आहे जे विकणारा सांगणार नाही?

"घेऊच नका" एवढंच सांगायचं असेल तर ते घरून ऐकून झालंय.

हुरडा

कामून राव, समृद्धीवर पेट्रोल जाळून हौस फिटंना गेली का? ७०१ किलोमीटर सरळ रस्ता करून दिलाय, तिथं उडवा की.

गोदाकाठ

घेऊच नका.

(सॉरी, राहवलं नाही. आता गंभीर उत्तर.) जालन्यात विमानतळ नाही. म्हणजे घरून निघून चिकलठाण्याला पोचायला तास, आत जायचे सोपस्कार, विमान बाहेर काढणं, तपासणं, इंधन. तेवढ्या वेळात वंदे भारतने नाशिक जवळ आलेलं असतं. "धंद्यासाठी वेळ वाचतो" हे कारण असेल तर ते आधी काढून टाका. हौस असेल तर हौस म्हणा. हौसेला मोल नसतं असं म्हणतात ते बिल दुसरा भरतो तेव्हा.

निवृत्त_टॉवर

वरच्याशी सहमत, पण थोडं सविस्तर लिहितो. नोकरी विमानतळांवर गेली, आता लातूरला असतो.

छोट्या विमानाचा वेळ हवेत जात नाही, जमिनीवर जातो. आधी फ्लाइट प्लॅन भरायचा. एअर डिफेन्सचा क्लिअरन्स नंबर घ्यायचा, एफआयसीचा (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा) नंबर घ्यायचा. जिथे जायचं तिथला विमानतळ त्या वेळेला उघडा हवा. आपल्याकडची बरीच छोटी मैदानं चोवीस तास चालत नाहीत. ठरलेल्या वेळेबाहेर थांबवायचं तर त्याचे पैसे. व्हीएफआर उड्डाण, म्हणजे बाहेर नजरेने बघून उडायचं, ते दिवसाउजेडी. मुंबईला जायचं तर तुमच्यासाठी जुहू, आणि पावसाळ्यात जुहूवर ढग खाली आले की तुम्ही हॉटेलात. हॉटेलचं बिल विमानाच्या खर्चात कुणी धरत नाही, ते धरा.

दुसरी गोष्ट तुम्हा चौघांसाठी खास. १७२ ला सीटा चार आहेत. त्या मॉडेलचं उचलायचं वजन साधारण ४०० किलो धरा. टाकी पूर्ण भरली की त्यातले १४०-१४५ किलो इंधनात गेले. उरले अडीचशे. आता चौघे आपापलं वजन लिहा, खरं. क्लासवाल्यांना मी ओळखतो असं वाटतंय, म्हणून म्हणतो.

त्यात आपला मे महिना. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. दुपारी ४२ अंश असताना इंजिनाला आणि पंखांना ती हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते. धाव लांबते, चढ मंदावतो. म्हणजे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत काय ते उडायचं. पावसाळ्यात ढग. गणपती ते होळी हा तुमचा खरा हंगाम. वार्षिक खर्च मात्र बारा महिन्यांचा.

बियाणेवाला

टॉवरकाका, वजनाचं गणित रात्री चौघांनी मांडलं. डॉक्टर आता तीन भागीदारांबद्दल बोलायला लागलाय.

परभणी_टू_टेक्सास

माझं गाव मानवतजवळ. इकडे आम्ही तिघे मिळून एक चार-आसनी जुनं विमान वापरतो (मेक सांगत नाही, त्या मालकांचे गट भावनिक असतात). आमचा अनुभव लिहितो. इकडचे आकडे तिकडे लागू होणार नाहीत, पण खर्चाची जात तीच.

खर्चाचे तीन थर. पहिला, विमान हललं नाही तरी लागणारा: हँगर, विमा, वार्षिक तपासणी. दुसरा तासाचा: इंधन, तेल, टायर. तिसरा थर कुठल्याही वहीत नसतो. वार्षिक तपासणीला विमान दिलं, ठरलेले दोन हजार डॉलर मनाशी धरले आणि मेकॅनिकचा फोन आला: एका सिलेंडरचं कॉम्प्रेशन पडलंय. नवा सिलेंडर मजुरीसकट तीन-साडेतीन हजार. तेवढ्यात दुसरा फोन: एक्झॉस्टला तडा आहे, बघून गप्प बसता येत नाही. त्या वर्षी तपासणीचं बिल तिप्पट झालं आणि विमान दोन महिने बंद. ते दोन महिने हँगरचं भाडं चालूच.

यात कुणाची चूक नाही. जुनं विमान असंच वागतं. म्हणून आमच्या खात्यात कायम एक रक्कम बाजूला असते, तिला हात लावायचा नाही हा नियम. ती संपली की तिघांनी आठवड्यात भरायची. ज्याला ते परवडत नाही त्याला विमान परवडत नाही, मग हप्ता कितीही कमी असो.

आणखी एक धोका म्हणजे एडी, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेसाठी निघणारा सक्तीचा सरकारी आदेश. जगात कुठेतरी काही मोडतं आणि त्या जातीच्या सगळ्या विमानांच्या मालकांना पैसे काढावे लागतात. २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचला एका पाईपर ॲरोचा पंख हवेत तुटला. दोघे गेले. पुढे चौकशी झाली आणि पाईपर पीए-२८ जातीतल्या ठरावीक विमानांच्या पंखांच्या मुख्य तुळईची 'एडी करंट' तपासणी (ही एडी वेगळी, विजेच्या प्रवाहाने धातूतला तडा शोधतात) सक्तीची झाली. तपासणी एक वेळ स्वस्त, पण तडा सापडला तर तुळई बदला. तुम्ही विमान कितीही जपलेलं असो, ते पत्र येतं तेव्हा तुम्हाला विचारून येत नाही.

हुरडा

आमच्याकडं बोंडअळी आली की आसंच व्हतंय.

सीए_औशाचा

करावर कुणीच बोललं नाही म्हणून.

१. धागाकर्त्यांच्या मनात "कंपनीच्या नावावर घेऊ, घसारा मिळेल" हे असणारच. आयकरात विमानाला ४० टक्के घसारा आहे हे खरं. पण वापर धंद्यासाठी झाला हे दाखवावं लागतं. लॉगबुकात कुठून कुठे, कोण, हे सगळं लिहिलेलं असतं. दर शनिवारी लोणार बघून आलात हे अधिकाऱ्याला तिथेच वाचता येतं.

२. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) विमानावर सहसा मिळत नाही. कलम १७(५) मध्ये ते अडवलेलं आहे. प्रवासी वाहतूक, माल वाहतूक, उडायचं प्रशिक्षण देणं, किंवा पुढे विकणं हाच धंदा असेल तर सूट. बियाणं त्यात बसत नाही.

३. २२ सप्टेंबर २०२५ पासून खाजगी वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे. आधी २८ आणि वर ३ टक्के सेस होता. जुनं विमान व्यक्तीकडून घेताय की नोंदणीकृत कंपनीकडून, यावर गणित बदलतं. सव्वा कोटी "करासह" की "कर वेगळा", हे तोंडी नको, लेखी घ्या.

४. "आम्ही नसताना भाड्याने देऊ, खर्च निघेल" हे तर विसराच. खाजगी नोंदणीच्या विमानात पैसे घेऊन माणूस बसवता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना, वेगळी यंत्रणा, वेगळा खर्च. शेजारी म्हणाला "तिरुपतीला सोडा, पेट्रोलचे देतो" तरी नाही.

गोदाकाठ

मुद्दा ४ वाचून आमच्या अर्ध्या भावकीचा उत्साह मावळला असणार.

ग्रीसचे_हात

एएमई, म्हणजे विमान दुरुस्तीचा इंजिनिअर आहे, छोट्या पिस्टन इंजिनांवर बरीच वर्षं काम. जुनं विमान घेणाऱ्याने रंग बघू नये, सीटचं कव्हर बघू नये. ऑइल फिल्टर बघावा.

आम्ही फिल्टर काढतो, त्याचा डबा गोल कटरने कापतो, आतली कागदाची घडी उलगडून पांढऱ्या कपड्यावर लांब पसरतो. उन्हात धरून तिरकी करायची. काळा कार्बन असतो, तो चालतो. चमचम दिसली की थांबायचं. मग चुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंड, बहुतेक वेळा कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) नाहीतर त्याला घासणारं टॅपेट. नाही चिकटलं तर पिस्टनकडे किंवा बेअरिंगकडे शंका. त्या घडीत जे दिसतं त्यावर पाच हजारांचं काम आहे की पंचवीस लाखांचं ते ठरतं.

या वयाच्या १७२ मध्ये लायकमिंग इंजिन असतं. त्याचा कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. विमान महिनोन्महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून खाली जातं आणि कॅमला गंज धरतो. पुढे इंजिन चालू केलं की तो गंज घासला जातो, धातू तेलात येतो. म्हणून "मालकाने फार कमी उडवलंय हो, वर्षाला दहा तास" हे ऐकून लोक खुश होतात, मी घाबरतो. वर्षाला दीडशे तास उडालेलं, फ्लाइंग स्कूलमध्ये मार खाल्लेलं इंजिन मला परवडतं.

कंपनी ओव्हरहॉलसाठी (इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधणं) २,००० तास किंवा १२ वर्षं सांगते, जे आधी होईल ते. तुमच्या विमानाच्या इंजिनाला शेवटचं ओव्हरहॉल होऊन किती वर्षं झाली ते विचारा. तास विचारू नका, तास तो स्वतःहून सांगेल. अकरावं वर्ष चालू असेल तर किमतीतून पंचवीस-तीस लाख वजा करूनच बोलायला बसा.

लॉगबुकं पहिल्या दिवसापासूनची हवीत. एक जरी वही गहाळ असली तरी पुढे विकताना तुम्हाला भाव मिळणार नाही. आणि खरेदीआधीची तपासणी विकणाऱ्याच्या इंजिनिअरकडून करून घेऊ नका, आपला न्या. त्याचा प्रवास, मुक्काम, मजुरी सगळं मिळून जे काय होईल ते द्या.

पॉलिसीवाली

मी संभाजीनगरला विम्याच्या क्षेत्रात आहे. विमानाचे विमे रोज येत नाहीत, पण जेवढं पाहिलं त्यावरून तीन गोष्टी.

विमा कंपनी दावा आला की पहिल्यांदा कागद मागते: वैमानिकाचं लायसन्स, मेडिकल, विमानाचं एआरसी (उडायला योग्य असल्याचा दाखला, हे दरवर्षी नवं करावं लागतं), पॉलिसीत कुणाकुणाची नावं. यातलं एक जरी त्या दिवशी चालू नसेल तर हप्ते भरलेले वाया. चौघांत एकाचं मेडिकल संपलं असेल आणि तो "फक्त एक चक्कर" मारायला गेला तर नुकसान चौघांचं.

दुसरं, स्वतःच्या आयुर्विम्याची कागदपत्रं काढून अपघाती लाभाचं कलम वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये तिकीट काढून बसलेला प्रवासी सोडून इतर कुठल्याही नात्याने विमानात असताना झालेला अपघात वगळलेला असतो. स्वतः उडवणारा त्यात येतो. घरच्यांना हे माहीत असलेलं बरं, म्हणजे तुम्ही नसताना कळण्यापेक्षा.

तिसरं, गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. द्राक्षबागा गेल्या, जनावरं गेली, गाड्यांच्या काचा गेल्या. विमानाचा पत्रा गाडीच्या पत्र्यापेक्षा पातळ. उघड्यावर ठेवणार असाल तर हप्ता वेगळा आणि झोप वेगळी.

निवृत्त_टॉवर

गारपिटीवरून अवांतर: २०१५ ला आणि मग २०१९ ला कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले तेव्हा विमान चिकलठाण्यावरूनच उडायचं. लोक फोन करून विचारायचे, आज आमच्या तालुक्याकडे पाठवताय का. एक गृहस्थ तर म्हणाले, येता येता कन्नडवरून फिरवा, ढग दिसायलाय.

हुरडा

टॉवरकाका, मग पडला का पाऊस?

निवृत्त_टॉवर

त्यावर वेगळा धागा काढा, शंभर प्रतिसाद नक्की.

कोरडवाहू

सगळं हसतखेळत चाललंय म्हणून विचारतो. ज्या भागात दर दोन-चार वर्षांनी टँकर लागतात तिथे सव्वा कोटीचं खेळणं आणि त्यावर करबचतीची चर्चा. कुणालाच काही वाटत नाही का?

बियाणेवाला

वाटतं. पण माझ्या कष्टाचे पैसे मी लग्नात उडवले असते, हजार पाट वाढले असते, तर तुम्ही जेवून आशीर्वाद देऊन गेला असता. राग मानू नका.

कोरडवाहू

लग्नाला बोलावलं असतं तर आलो असतो, हे मान्य. मुद्दा सोडलेला नाही.

उदगीरचा_टेलविंड

१७२ च्या मागे कशाला लागता? दोन सीटचं मायक्रोलाइट किंवा छोटं रोटॅक्स इंजिनाचं विमान घ्या. रोटॅक्स ९१२ तासाला १७-१८ लिटर पितं, १७२ त्याच्या जवळजवळ दुप्पट, तीस-पस्तीस लिटर. शिवाय रोटॅक्सला एवगॅस (पिस्टन विमानांचं खास पेट्रोल) लागत नाही, पंपावरचं पेट्रोल चालतं. एवगॅसची आपल्याकडे बोंब. मोठ्या विमानतळांवर जे मिळतं ते जेट इंधन, ते पिस्टनला घालता येत नाही. इंडियन ऑइलने २०२२ पासून वडोदऱ्याला एवगॅस बनवायला सुरुवात केली, त्याआधी सगळा माल बाहेरून. तरी लातूरला पिंप मागवायचं म्हणजे टँकरवाल्याची मनधरणी.

ग्रीसचे_हात

पेट्रोलचं पूर्ण खरं नाही. रोटॅक्स ९१२ ला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत मान्य आहे. आपल्या पंपावर आता २० टक्के मिसळलेलं मिळतं. ते घालून रबरी नळ्या, सील, कार्ब्युरेटर खराब झाले तर कंपनी हात वर करणार, आणि विमा कंपनी तिच्याही आधी.

हुरडा

म्हंजे आमच्याच उसाच्या मळीनं तुमचं विमान खाली बसवलं. कारखानदाराला कळवतो, खुश व्हईल.

बांधावरून

मी तर म्हणतो घरीच बांधा. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियात ठेवलं, २०१७ ला नोंदणी झाली. जालन्यात स्टीलला काय तोटा!

ग्रीसचे_हात

जालन्याच्या सळईचं विमान उडणार नाही भाऊ. आणि यादवांनी त्यापायी किती वर्षं आणि काय काय घातलं ते वाचून मग बोला. स्वस्तातला मार्ग नाहीच तो.

सीए_औशाचा

चला, कुणीच बेरीज करत नाही तर मी करतो. आकडे अंदाजाने धरलेले आहेत, तुम्ही आपले कोटेशन घेऊन बदला.

विमा, विमानाच्या किमतीच्या २ टक्के: २.५ लाख. हँगर आणि पार्किंग: ३ लाख. वार्षिक तपासणी, देखभाल संस्थेचा करार, एआरसी, इंजिनिअरचं येणंजाणं: ७ लाख. किरकोळ, नकाशे, फी: १ लाख. इंजिन फंड, ३० लाख भागिले १२ वर्षं: २.५ लाख. हे झाले १६ लाख, विमान हललेलं नाही.

सव्वा कोटी बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी पावणेनऊ लाख आले असते. ते येत नाहीत म्हणजे तेही खर्चच. पावणेपंचवीस लाख.

आता उडा. इंधन ३३ लिटर, लिटरला २०० धरले तर ६,६०० आणि तेल, टायर, ५० तासांची तपासणी यांचे १,५००. तासाला ८,१००.

चौघांनी मिळून वर्षाला १०० तास उडवलं: एकूण ३२ लाख ८५ हजार. तासाला जवळजवळ ३३ हजार. टॉवरकाकांच्या म्हणण्याप्रमाणे हंगाम अर्धाच मिळाला आणि ४० तासच झाले: तासाला ७० हजार. फ्लाइंग क्लबला सध्या तासाला काय देता ते तुम्हीच बाजूला लिहा.

आणि यात परभणीकरांचा तिसरा थर धरलेला नाही.

बियाणेवाला

पंधरा हजार देतो. बेरीज बघून कॅल्क्युलेटर पालथा घातला.

परभणी_टू_टेक्सास

सीएसाहेब, बिनतोड. एकच जोड: किंमत चढेल या भरवशावर राहू नका. सेसनाने १९८६ मध्ये छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं, खटल्यांचा आणि विम्याचा बोजा हे एक मोठं कारण. अशा खटल्यांना मर्यादा घालणारा १९९४ चा कायदा आल्यावर, १९९६ मध्ये परत सुरू केलं. त्यामुळे इकडे जुन्यांना भाव टिकून आहे, गेल्या काही वर्षांत तर वाढला. पण इकडे विकायला काढलं की फोन येतात. भारतात गिऱ्हाईक किती? विकायला वर्ष लागलं तर त्या वर्षाचे सोळा लाख कोण भरणार?

अंबडकर

भागीदारीवर कुणी बोललं नाही. आमच्या शेतात चुलत्यांसोबत सामाईक विहीर आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, मोटारीचं बिल वाटून. मोटार जळली त्या दिवशी पाळी कुणाची होती यावरून सुरू झालेलं प्रकरण अजून कोर्टात आहे आणि चुलते आता हयातही नाहीत.

तुमच्या चौघांत हे आधी लिहा: उतरताना कुणी नाकाचं चाक मोडलं तर विम्यातून न मिळणारे पैसे तो एकटा भरणार की सगळे? एक जण बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कोण, कुठल्या भावाने घेणार, किती दिवसांत? एक जण वारला तर त्याच्या बायकोला विमानाचा चौथा हिस्सा नको असेल, पैसे हवे असतील. दिवाळीच्या चार दिवसांत विमान कुणाचं? मित्र आहोत, लिहायचं काय, असं म्हणणारा जो असेल त्याच्याकडूनच पहिली सही घ्या.

पॉलिसीवाली

+१. आणि करारात मेडिकल-लायसन्सच्या तारखा कोण सांभाळणार त्याचं नाव लिहा. "सगळे मिळून" म्हणजे कुणीच नाही.

उडता_डॉक्टर_नव्हे

इतका वेळ गप्प होतो. मी एका छोट्या विमानात बरीच वर्षं भागीदार होतो, दुसऱ्या राज्यात. सीएसाहेबांची बेरीज बरोबर आहे आणि तरी तिच्यात एक गोष्ट बसत नाही. क्लबचं विमान तासाने मिळतं, दिवसाने नाही. शुक्रवारी नेलं आणि सोमवारी आणलं, असं क्लब देत नाही. त्यांच्या पोरांना रोज उडायचं असतं. थंडीत पहाटे धुकं निघाल्यावर आपल्या मनाने निघावं, औंढ्यावरून, मग गोदावरी धरून नांदेडपर्यंत जावं, हे तासाच्या भाड्यात होत नाही. त्यासाठी दुप्पट पैसे द्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. मी दिले. धंद्यात मंदी आल्यावर हिस्सा विकला, तोट्यात विकला. भागीदार चांगले होते म्हणून लवकर सुटलो.

ज्याला गुंतवणूक म्हणून दाखवायचंय त्याने घेऊ नये. ज्याला हे पैसे गेले असं धरून झोप लागते त्याने घ्यावं.

कोरडवाहू

हे प्रामाणिक वाटलं.

बियाणेवाला

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

विकणाऱ्याला इंजिनाच्या शेवटच्या ओव्हरहॉलची तारीख विचारली. आधी तास सांगितले (ग्रीसभाऊ, अगदी तुम्ही म्हणालात तसं). परत विचारल्यावर कळलं, दहा वर्षं उलटून गेलीत. लॉगबुकं "आहेत, शोधावी लागतील". खरेदीआधी आपला इंजिनिअर पाठवतो म्हटलं तर म्हणाले, दुसरं गिऱ्हाईक दारात आहे. आम्ही म्हटलं, त्याला द्या.

डॉक्टर बाहेर पडला. क्लासवाले म्हणतात निकालानंतर बघू. स्टीलवाला आणि मी मिळून, जिथे आधीच हँगर आणि इंजिनिअर आहे अशा ठिकाणच्या एखाद्या चालू विमानात छोटा हिस्सा मिळतो का ते शोधतोय. जालन्यापासून लांब पडलं तरी चालेल. अंबडकरांचे प्रश्न छापून घेतलेत.

सीए_औशाचा

हिस्सा घेताना त्या विमानावर कर्ज किंवा बोजा आहे का ते बघा. आणि मागच्या तीन वर्षांचा खर्च बिलांसकट मागा, वहीतला नको.

ग्रीसचे_हात

फिल्टर विसरू नका.

माजलगावची_ताई

धागा उशिरा वाचला. थोडं वेगळं विचारते. माझी पुतणी बारावीला आहे, तिला पायलट व्हायचंय. विमान घ्यायची आमची ऐपत नाही, पण शिकायला काय लागतं? गावात कुणालाच माहिती नाही, आणि एक जण "सीट बुक करा" म्हणून पन्नास हजार मागतोय.

निवृत्त_टॉवर

ताई, पन्नास हजार आधी अजिबात देऊ नका. क्रम असा: बारावीला फिजिक्स आणि गणित हवं, नसेल तर नंतर ते विषय देता येतात. मग सगळ्यात आधी मेडिकल करून घ्या, क्लास टू, पाठोपाठ क्लास वन. डोळे, कान, हृदय यांत काही निघालं तर फी भरण्याआधी कळलेलं बरं. त्यानंतर डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) मान्यता असलेली संस्था बघायची, मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. कमर्शियल लायसन्सला २०० तास उडावं लागतं आणि एकूण खर्च आज पन्नास लाखांच्या घरात किंवा वर जातो. सगळी फी एकरकमी मागणाऱ्यापासून लांब. संस्थेत जाऊन बघा, किती विमानं उभी आहेत आणि त्यातली किती खरंच उडतायत.

माजलगावची_ताई

काका, आभार. जायचं तेव्हा तुमच्याशी बोलून जाऊ का?

निवृत्त_टॉवर

बोला की. लातूरला येणार असाल तर पुतणीला घेऊनच या. निरोप टाका, नंबर देतो.

हुरडा

ताई, पोरगी पायलट झाली की बियाणेवाल्याच्या इमानावर लावा. त्यांना तसंबी वजन कमी असलेला माणूस पायजे.